मदत हवी आहे: टेनोफोव्हिर बंद केलं तर बी कावीळ उसळेल का?

माझा धाकटा भाऊ सहा वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. रोज रात्री जेवण झालं की टीएलडीची (टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर) एक गोळी, एकदाही चुकवलेली नाही. डबी तांदळाच्या डब्यात ठेवतो, पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. त्याला हिपॅटायटिस बी (कावीळ बी) पण आहे. त्या एकाच गोळीतलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन दोन्ही विषाणूंवर चालतं, एवढं मला समजलंय.

आता किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलंय. एका खाजगी डॉक्टरांनी टेनोफोव्हिर बंद करून दुसरी गोळी लिहून दिली. कावीळ बी चा विषय काढला तर म्हणाले, "नंतर बघू." मला तेच पटत नाही. औषध अचानक काढलं तर लिव्हरला जोरात सूज येऊ शकते ना! म्हणून जुनी गोळी अजून थांबवलेली नाही. सोमवारी सगळे रिपोर्ट घेऊन एआरटी सेंटरला जातोय.

कुणाच्या घरी असं झालंय का? एन्टेकाव्हिर (कावीळ बी चं औषध) जोडून दिलं, की टीएएफवर (टेनोफोव्हिरचाच किडनीला सौम्य प्रकार) नेलं, की डोस कमी केला? तिथे नेमकं काय विचारू?

त्याच्या बायकोची एचबीएसएजी (कावीळ बी ची) तपासणी निगेटिव्ह आहे. लसीचे दोन डोस झालेत, सहाव्या महिन्याचा बाकी आहे. नंतर अँटीबॉडी कुठे तपासल्या तेही सांगा. फार काळजी लागली आहे.