आर्किटेक्चर आणि सिव्हिलच्या मुलांनी मिळून एक छज्जा ओतावा आणि मोडून बघावा, तुम्हाला काय वाटतं?

साइटवाली:
मागच्या आठवड्यात स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी बाल्कनीचं स्टील चेक करायला वर गेले. कँटिलिव्हरचं, म्हणजे एकाच बाजूनं धरलेल्या स्लॅबचं, मेन स्टील वर असतं, ताण वरच्या अंगाला येतो म्हणून. तर त्या वरच्या सळया येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी दबून पार खाली शटरिंगच्या प्लायला टेकलेल्या, सळया वर उचलून धरणारी चेअर खाली लावलेलीच नाही. माझ्याबरोबर दोन ट्रेनी होते, एक आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाचा आणि एक सिव्हिलच्या शेवटच्या, दोघं त्याच जाळीवरून चालत आले आणि दोघांनाही काही खटकलं नाही. सिव्हिलवाल्याला विचारलं तर पठ्ठ्यानं पेन्सिलनं तिथल्या तिथे प्लायवर बेंडिंग मोमेंटचा, म्हणजे वाकवणारा जोर कुठे किती येतो त्याचा, डायग्राम काढला, एकदम बरोबर! आर्किटेक्चरवाला म्हणाला, स्ट्रक्चरचं कन्सल्टंट बघतो ना.

माझं स्पष्ट मत आहे, दुसऱ्या वर्षातच दोन्हीकडची मुलं एका टीममध्ये टाका. मीटरभर बाहेर येणारे दोन छज्जे ओतायला लावा, एकात स्टील जागेवर, दुसऱ्यात मुद्दाम खाली. अठ्ठावीस दिवस पाणी मारा आणि मग टोकाला वाळूची पोती ठेवत जा. पहिला वाकेल, तडे दाखवेल, दुसरा काही न सांगता एकदम जाईल. तो आवाज ऐकलेलं पोर जन्मात स्टीलवर पाय देणार नाही. आणि मार्क पूर्ण टीमला एकच.

जुना मास्तर:
एकतीस वर्षं स्ट्रक्चर शिकवतोय, त्यामुळे जरा कडक बोलतो. तुमच्या साइटवर चुकलं ते सुपरव्हिजन. ओतण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये चेअरची एक ओळ असती तर काम झालं असतं, त्यासाठी अभ्यासक्रम कशाला हलवायचा? छज्जा मोडून मुलगा छज्जा शिकतो. उद्या समोर माती अडवणारी रिटेनिंग वॉल आली की पुन्हा कोरा. थिअरी पुढच्या दहा गोष्टींना पुरते. आज तिसऱ्या वर्षातल्या निम्म्या मुलांना कंटिन्युअस बीम, म्हणजे दोनाहून जास्त टेकूंवरची तुळई, सुटत नाही आणि त्यातलेच तास काढून आपण रेती कालवायला लावणार. टीमला एक मार्क म्हणजे दोघं राबणार नि सहा जण फोटो काढणार, हे मी दरवर्षी बघतो.

साइटवाली:
सर, पण त्या मुलाला थिअरी येत होती हो! डायग्राम बरोबर होता. पायाखालची सळई म्हणजे त्या डायग्राममधलीच रेघ, हे जोडणं त्याला कुणी शिकवलंच नाही.

औराद शहाजानी:
मी लातूर जिल्ह्यातला, मला दोघांचंही अर्धंच पटतंय. हातानं शिकलेलं सगळं शहाणपणाचं असतं असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी घरं पडली ती पिढ्यान्‌पिढ्या भिंती रचणाऱ्या हातांनीच बांधलेली होती. दगड-मातीची जाड भिंत, आतून एक थर बाहेरून एक थर, मधे नुसता भराव, आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड, म्हणजे थ्रू स्टोन, नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळायला लागलं की मातीचा आणखी एक थर, म्हणजे डोक्यावरचं वजन वाढतच गेलं. जमीन हलली तशी भिंत पोट फुगून दोन्हीकडं उघडली. जवळपास दहा हजार माणसं गेली. दर ६० सेंमी उंचीवर, फार तर १.२ मीटर अंतरानं एकेक आरपार दगड हवा, हे आपल्या बांधकामाच्या कोडमध्ये लिहिलंय, ते आलं मोजमापातून. त्यामुळं नुसतं 'हाताला काम द्या' म्हणू नका, हाताला कारण पण द्या.

पारिजात:
२०१४ला फ्रान्समध्ये व्हर्सायला सोलर डेकॅथलॉन युरोप ही सौर घरं बांधायची स्पर्धा झाली, तिथे आयआयटी मुंबई आणि रचना संसदच्या अकॅडमी ऑफ आर्किटेक्चरच्या मुलांनी मिळून खरं घर उभं केलं होतं, टीमचं नाव 'शून्य'. म्हणजे इंजिनिअर आणि आर्किटेक्ट पोरं एकत्र बांधू शकतात, यावर आता वाद नको.

जुना मास्तर:
निवडक मुलं, स्पॉन्सर, आणि परदेशात स्पर्धा. साठ मुलांच्या साध्या वर्गाचं बोला.

कारकुनाची लेक:
साध्या वर्गाचं मी सांगते, मी शिकवते तिथलं. आर्किटेक्चरचे नियम कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे, १९७२च्या कायद्याप्रमाणे, आणि सिव्हिलचे एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचे. एक कोर्स पाच वर्षांचा, एक चार. दोन्ही वर्ग एकाच वेळी मोकळे मिळावेत म्हणून मी पूर्ण टर्म टाइमटेबल घेऊन फिरले, शेवटी शनिवारी दुपारचे दोन तास मिळाले. भिंतीसाठी एका म्हाताऱ्या गवंड्यांना बोलावलं, ओळंबा कसा धरायचा, वरखालचे सांधे एका रेषेत येऊ न देता सांधा कसा मोडायचा, पोरं अक्षरशः जमिनीवर बसून बघत होती. पण मानधन देताना ऑफिस म्हणालं, यांची डिग्री नाही, गेस्ट लेक्चरमध्ये बसत नाहीत. त्यांचे पैसे 'वीट व रेती' या हेडखाली निघाले. मला आजही त्याचं वाईट वाटतं. पद्धत चांगली की वाईट हे नंतर, आधी शिकवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणून सही करता आली पाहिजे.

साइटवाली:
ताई, हे वाचून गलबलून आलं. आणि औरादकर, तुमचं मान्य, कारण आधी, हात मग. मास्तर, टीम मार्कचा हट्ट सोडते, प्रत्येकाची वेगळी तोंडी घ्या. पण छज्जा ओतायचाच.

जुना मास्तर:
टीम मार्क सोडलेत तर बोलू. माझी एक अट आहे. लोड ठेवायच्या आधी प्रत्येक मुलानं हिशोब करून कागदावर लिहायचं, तडा कुठे पडणार, कितव्या पोत्याला मोडणार, खाली सही. कागद माझ्याकडे बंद पाकिटात. आणि छज्जा मागून नीट अडकवलेला हवा, खाली कुणी उभं राहायचं नाही. कंटिन्युअस बीमचा एकही तास मात्र मी देणार नाही, शनिवारी या.

औराद शहाजानी:
शनिवारी एक भिंत पण रचा, दगडाची. अर्धी थ्रू स्टोन घालून, अर्धी न घालता. दगड मी पाठवतो.