मनोरा नसलेलं डंकर चर्च

अमेरिकेतल्या शार्प्सबर्गजवळच्या (मेरीलँड) डंकर चर्चला मनोरा नाही, मग ते अर्धवट राहिलं होतं का, असा प्रश्न पडतो. नाही, ते मुद्दामच तसं बांधलं होतं. डंकर म्हणजेच ब्रेदरन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना मनोरा म्हणजे दिखावा वाटे. जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांची ही छोटी मंडळी. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊला एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला, तिथून हा पंथ सुरू झाला. युद्धाला नकार, गुलामगिरीला नकार. सॅम्युएल मुम्मा यांनी दिलेल्या जागेवर १८५२च्या सुमारास हे साधं विटांचं घर उभं राहिलं.

आणि शस्त्र न धरणाऱ्यांच्या याच दारात १७ सप्टेंबर १८६२ रोजी अमेरिकन यादवी युद्धातली अँटिएटमची लढाई पेटली! एका दिवसात मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३ हजार. मुम्मांचं घरही जाळलं गेलं. मला तरी हे वाचताना दरवेळी गलबलून येतं.

न्यूयॉर्कच्या एका सैनिकाने तिथलं बायबल उचलून नेलं होतं. ते १९०३ साली परत आलं, तेही जॉन लुईस या कृष्णवर्णीय ब्रेदरन सभासदामार्फत. १९२१च्या वादळात इमारत कोसळली. आज दिसते ती १९६२च्या शताब्दीसाठी, शक्य तितकं जुनं साहित्य वापरून पुन्हा उभारलेली.

आपल्याकडच्यांसाठी एक भर: डहाणूचं मिशन हॉस्पिटल याच पंथाच्या मिशनने सुरू केलेलं. त्यांचं इथलं काम १८९५च्या सुमारास वलसाडला सुरू झालं.