गणपतीला गावी न्यायचं तर

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला गणपतीत गावी न्यावं की नाही, असं तुम्ही विचारलंय. जरूर न्या, पण तयारीनिशी. आम्ही लेकाला आठ दिवस आधीपासून गावच्या घराचे, मखराचे, आजीआजोबांचे फोटो रोज दाखवतो. आरतीतल्या झांजा त्याला सहन होत नाहीत. कानांवर इअरमफ लावून तो ओसरीवर बसतो आणि 'घालीन लोटांगण' सुरू झालं की आपणहून आत येतो. पुढे मंत्रपुष्पांजली, मग प्रसाद, हा क्रम त्याला पाठ आहे! मोदकाला हात लावत नाही. त्याचा वरणभात वेगळा. पाया पडायची सक्ती नाही, गालगुच्चे घ्यायचे नाहीत, हे सासूबाईंनीच सगळ्यांना फोन करून बजावलं. एक शांत खोली मात्र त्याच्यासाठी राखून ठेवायला सांगाच.