ऑगस्टअखेर बाबांना सॅमन गरवायला न्यायचंय, कोलंबिया नदी की डेशूट्स नदी?

खाडीपलीकडचा (हिल्सबरो, ऑरेगन)

नमस्कार मंडळी. २२ ऑगस्टला आईबाबा येतायत, पाच आठवडे आहेत. बाबा दाभोळ खाडीकाठचे, वय ६९, नोकरी सांभाळून आयुष्यभर गरवलंय त्यांनी, म्हणजे तंगूस बोटाला गुंडाळून धक्क्यावर बसायचं, गरीला कोळंबी लावायची आणि तांबोशी नाहीतर शेंगाळा लागेपर्यंत उठायचं नाही. मागे एकदा मी त्यांना धबधब्यावरून उड्या मारत चढणाऱ्या सॅमनचा व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून दर रविवारी फोनवर तोच विषय, तो तुमचा मासा चढायला लागला का रे. त्यांचं म्हणणं ही आपली वलगणच आहे, पहिल्या पावसात मासे ओढ्यातून भाताच्या खाचरात चढतात तशी, फक्त मासा मोठा.

मी स्वतः इथे तळ्यावर दोनचारदा ट्राउट धरलेत, बाकी काही अनुभव नाही. ऑफिसमधला एकजण म्हणतो अ‍ॅस्टोरियाला कोलंबियाच्या मुखाशी बोट कर, दुसरा म्हणतो स्टीलहेडची खरी मजा डेशूट्सवर. बाबांचे गुडघे बरे आहेत पण वाहत्या पाण्यात उभं राहणं कितपत जमेल माहीत नाही. कुठे न्यावं, लायसन्सचं काय, आणि कोळंबी चालते का? हा शेवटचा प्रश्न त्यांचा आहे, आवर्जून विचार म्हणाले.

गॉर्जवाली (व्हँकुव्हर, वॉशिंग्टन)

अरे वा, वाचून फार बरं वाटलं. अकरा वर्षं गरवतेय इथे, तर जे माहितीये ते सांगते.

वेळ नेमकी साधलीये तुम्ही. ऑगस्टच्या मध्यावर फॉल शिनूक (शरद ऋतूत येणारा मोठा सॅमन) समुद्रातून कोलंबियाच्या मुखात शिरायला लागतो, त्याच्या मागोमाग कोहो, तोही सॅमनच, आणि बॉनव्हिल धरणावर शिनूकचा मोठा लोंढा साधारण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पोचतो. उन्हाळी स्टीलहेड त्याच्याही आधी, जुलैपासूनच वर जात असतो. स्टीलहेड म्हणजे आपला रेनबो ट्राउटच, पण समुद्रात जाऊन मोठा होऊन परत आलेला, आणि पॅसिफिकचे सॅमन अंडी घालून मरतात तसं याचं नाही, यातले काही परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. बॉनव्हिलला शिडीतून (धरण ओलांडायला माशांसाठी बांधलेली पायऱ्यांची पाणवाट) चढणारे मासे १९३८ पासून मोजतायत आणि रोजचा आकडा नेटवर येतो, मी सकाळी चहा घेताना आधी तो बघते मग बाकीचं जग.

बाबांसाठी माझं मत, एक दिवस बोट. अ‍ॅस्टोरियाच्या खाली हॅमंड-वॉरेंटनहून बोटी सुटतात, त्या भागाला सगळे बुई टेन म्हणतात, नदी आणि समुद्राची हद्द जिथे धरलीये त्या दहा नंबरच्या बोयावरून. तिथे सगळा खेळ भरती-ओहोटीचा आहे. हे बाबांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळेल बघा, पाणी कधी भरतंय, कधी थबकतंय, तेव्हा मासा कुठे सरकतो. पण गाइड घेऊनच जा, स्वतः छोटी बोट भाड्याने घेऊन अजिबात नको, कोलंबियाच्या मुखावरचा बार म्हणजे जिथे नदीचा लोंढा आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तिथे शेकडो जहाजं गेलीयेत. लाइफ जॅकेट सकाळी घातलं की किनाऱ्याला लागेपर्यंत काढायचं नाही.

लायसन्स: तुम्ही सहा महिन्यांच्या वर ऑरेगनात आहात म्हणजे रेसिडेंटचं मिळेल, त्यावर सॅमन-स्टीलहेडचा टॅग वेगळा आणि कोलंबिया खोऱ्याचं एंडोर्समेंट, म्हणजे जादा परवानगी, वेगळं. बाबांना एकदोन दिवसांचं काढा, त्यात टॅग येतो, एंडोर्समेंट लागतं का ते काढताना बघून घ्या. मासा ठेवला की तिथल्या तिथे टॅगवर नोंद करायची, घरी गेल्यावर नाही. आणि निघायच्या आदल्या रात्री नियम पुन्हा उघडून बघा, शिनूक कुठल्या तारखेपर्यंत ठेवता येतो ते दरवर्षी बदलतं आणि कधीकधी सीझनच्या मधेच बंद होतं.

कोळंबी चालते, बऱ्याच ठिकाणी, लोक मीठ लावून रंगवून वापरतात. डेशूट्सवर मात्र नाही, शेरार्स फॉल्सच्या लगेच खालचा छोटा पट्टा सोडला तर तिथे फक्त फ्लाय (गरीला पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा) किंवा दुसरं खोटं आमिष.

मॉपिनचा_वाटसरू (बेंड, ऑरेगन)

ताईंनी बोटीचं सांगितलंय ते बरोबरच आहे, मी डेशूट्सबद्दल लिहितो कारण सात वर्षं माझा सगळा सप्टेंबर त्याच नदीवर जातो.

डेशूट्सवर तरंगत्या कशावरूनही गरवायला बंदी आहे, बोटीने जा पण मासा धरायला पाण्यात नाहीतर काठावर उतरायचं. तळाचे दगड गुळगुळीत आणि शेवाळलेले, ओढ जबरदस्त. बाबांना पोटरीच्या वर पाण्यात नेऊ नकोस, हातात काठी दे, वेडर (पाण्यात उतरायची पाणी न शिरणारी विजार) घातला तर कमरेचा पट्टा घट्ट आवळ, सैल राहिला आणि पाय घसरला की आत पाणी भरतं. तसं बघितलं तर लांब जायची गरजही नसते, पहाटे उन्हाची तिरीप पाण्यावर यायच्या आधी स्टीलहेड काठापासून पंधरा-वीस फुटांवर असतो, लोक त्यांच्याच डोक्यावरून लांब फेकत बसतात.

आता खरं जे सांगायचंय ते. थर्मामीटर घे, दहाबारा डॉलरचा, दोरीला बांधून पाण्यात सोडायचा. पाणी २० सेल्सियसच्या (इथल्या भाषेत ६८ फॅरनहाइट) जवळ आलं की गरवणं थांबवायचं, नियम काही का म्हणेना. ऑगस्टात कोलंबियाचं पाणी २१च्या वर जातं, धरणांमागे साचून तापतं, आणि वर जाणारा स्टीलहेड त्यातल्या त्यात थंड नदी शोधत डेशूट्ससारख्या उपनदीच्या तोंडाशी येऊन थांबतो. तो तिथे दम खायला आलेला असतो. म्हणूनच ईगल क्रीक, हर्मन क्रीक आणि डेशूट्सचं मुख इथे ऐन उन्हाळ्यात गरवायला बंदी घातलीये, २०२० पासून.

माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे, ऑगस्टची दुपार, कडक ऊन, मला स्टीलहेड लागला. दहाबारा मिनिटं झुंजवला कारण मला ते झुंजणं आवडत होतं, ठेवायचा असता तर वेगळं, पण सोडायचाच होता, पर शाबूत होता त्याचा. मग फोटोसाठी बाहेर काढला, फोन नीट लागेना, पुन्हा काढला. पाण्यात सोडला तेव्हा दोन हात पुढे गेला आणि हळूच कुशीवर वळला. पांढरं पोट दिसलं. मी पाण्यात धावत जाऊन त्याला धरून प्रवाहाकडे तोंड करून उभा केला, कल्ले हलत होते, मग हलायचे थांबले. त्याला मी मारला आणि तो मला खाताही येणार नव्हता. तेव्हापासून सकाळी दहाला माझी गरवायची काठी गाडीत असते, गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला असतो आणि मासा पाण्याबाहेर काढत नाही. वॉशिंग्टनच्या बाजूला तर सोडायचा सॅमन-स्टीलहेड पाण्यातून पूर्ण उचलणं हाच गुन्हा आहे.

२०२१ला बॉनव्हिलवर स्टीलहेड इतके कमी आले की मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता, डेशूट्स, जॉन डे, उमाटिला सगळीकडे स्टीलहेडसाठी गरवणं बंद केलं. त्या सप्टेंबरात मी नुसता जाऊन काठावर बसायचो. तेव्हा निघायच्या आधी नदी उघडी आहे का ते नक्की बघ.

तिरफळ (सिअ‍ॅटल)

वर सगळं आलंच आहे, मी खाण्याचं आणि आणखी एका गोष्टीचं लिहिते.

आपल्याकडे सॅमन म्हणजे रावस असं सगळे म्हणतात, रेस्टॉरंटच्या मेनूतही रावसाला इंडियन सॅमन लिहितात, पण दोघांचं काही नातं नाही, रावस वेगळ्याच कुळातला. त्यामुळे काका रावस समजून खायला बसले तर चव चुकल्यासारखी वाटेल. शिनूकला तेल खूप, रवा लावून तळू नका, चपचपीत होतं. मी आगळ, हळद, मीठ, लसूण एवढंच लावून तव्यावर कातडीच्या बाजूने भाजते, तेल घालतच नाही, त्याचंच सुटतं. कोहो जरा कोरडा, त्याचं तिरफळ घालून तिखलं झकास होतं. गाभोळी मिळाली तर टाकू नका!

दुसरं म्हणजे काही लागलं नाही तरी कॅस्केड लॉक्सला जा. ब्रिज ऑफ द गॉड्सच्या खाली नेटिव्ह कोळी स्वतः पकडलेला मासा बर्फाच्या पेटीतून विकतात. याकमा, वॉर्म स्प्रिंग्ज, उमाटिला आणि नेझ पर्स या चार जमातींचा इथे मासे धरायचा हक्क १८५५च्या तहात लिहून ठेवलेला आहे. सेलायलो फॉल्स म्हणून धबधबा होता, हजारो वर्षं लोक तिथे लाकडी मचाणावर उभं राहून झेल्यासारख्या लांब दांड्याच्या जाळ्याने सॅमन काढायचे, १० मार्च १९५७ला द डॅल्स धरणाचे दरवाजे लावले आणि काही तासांत सगळं पाण्याखाली गेलं. डेशूट्सवर शेरार्स फॉल्सला अजून तशी मचाणं आहेत आणि वॉर्म स्प्रिंग्जचे लोक अजून उभे राहतात. काकांना तिथे घेऊन जा, फोटो काढायचा तर आधी विचारा. आमच्या घरी मासळीचा धंदा होता, मला ते मचाण बघून रडू आलं होतं, काय ते सांगता येत नाही.

खाडीपलीकडचा

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, बाबांना फोनवर वाचून दाखवलं. उलट्या काट्याचं ऐकून दोन मिनिटं गप्प होते, म्हणाले काटा दाबला तर मासा सुटेल ना रे, मग म्हणाले तंगूस सैल नाही सोडली तर नाही सुटणार. बंदीचं त्यांना लगेच पटलं, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या वरच असतात ना.

एक कळलं नाही, ते पर शाबूत म्हणजे कुठला पर बघायचा? आणि शिनूक-कोहो ओळखायचे कसे, मला तर सगळे चंदेरीच दिसतात.

गॉर्जवाली

पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्या मधे करंगळीच्या नखाएवढा एक मऊ मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून मग नदीत सोडतात. तो नसेल आणि तिथे भरलेली जखम असेल तर हॅचरीचा, ठेवता येतो. असेल तर रानातला. स्टीलहेड आणि बुई टेनचा कोहो रानातला निघाला की सोडायचा, शिनूकचं त्या वर्षीच्या नियमात बघा. मासा जाळ्यात पण पाण्यातच असताना बघायचं, आनंद नंतर.

ओळख तोंडात आहे. शिनूकच्या खालच्या हिरड्या काळ्या, कोहोच्या दातांपाशी हिरडी पांढरट. शेपटीवर शिनूकला वरखाली दोन्हीकडे ठिपके, कोहोला फक्त वरच्या अर्ध्यावर.

आणि बॉनव्हिलची काच राहिलीच. ब्रॅडफर्ड आयलंडला जमिनीखाली खिडक्या आहेत, शिडीतून चढणारा मासा हातभर अंतरावर दिसतो. आधी तिथे न्या, मग बोटीवर.

खाडीपलीकडचा (सप्टेंबर)

सांगायला उशीर झाला, माफ करा. आधी बॉनव्हिलच झालं. अर्ध्या तासात निघू म्हणून गेलो होतो, अडीच तास बाबा काचेसमोरून हलले नाहीत. लॅम्प्रे (वामेसारखे लांब मासे) तोंडाने काचेला चिकटून लोंबत होते आणि त्यांच्या मागून शिनूक, एकेक मांडीएवढा, पाण्याच्या जोरात शेपूट मारत जागच्या जागी उभा, मग एकदम पुढे. एकाच्या पाठीवर सीलने चावलेल्या दातांची रांग होती. बाबांनी तिथल्या बाईंना मला विचारायला लावलं की इथून पुढे किती धरणं. इडाहोला जाणाऱ्याला हे धरून आठ, म्हणाल्या. बाबा आठ आठ करत होते गाडीत बसेपर्यंत.

मग बोट. गाइडने रॉड हातात दिला तर बाबांनी लाईन बोटाच्या पेरावर घेतली, रीलच्या पुढे, धक्क्यावर घेतात तशी. गाइड आधी नको म्हणत होता पण भरती संपत आली, पाणी थबकलं, आणि बाबांनी "आला" म्हटलं तेव्हा रॉडचं टोक हललंही नव्हतं! त्यानंतर गाइडने त्यांना काही सांगितलं नाही. पहिला कोहो, पर कापलेला, ठेवला. दुसरा जास्त मोठा होता. जाळ्यात आला आणि गाइडच्या आधी बाबाच वाकून बघून म्हणाले, ह्याला आहे रे पर. जाळं पाण्यातच ठेवून गरी स्वतः काढली, काटा दाबलेला असल्यामुळे अलगद निघाली. त्याचा फोटो नाही आमच्याकडे.

डेशूट्सला एकच पहाट गेलो, पाणी १७ होतं, काही लागलं नाही. शेरार्सला मचाणावर एक आजोबा जाळं घेऊन उभे होते, बाबा लांबूनच बघत बसले. परत येताना कॅस्केड लॉक्सला शिनूक घेतला आणि आगळ लावून भाजला, आई म्हणाली मीठ जरा कमी पडलं.

परतीचं तिकीट २६ला आहे. त्याआधी बाबांना अजून एक सकाळ हवीये, २० तारखेला शनिवार येतोय. मॉपिनच्या दादा, तुम्ही त्या दिवशी नदीवर असाल तर कुठल्या वळणावर, आम्ही पाचपर्यंत पोचू, पोहे आणि चहाचा थर्मास आम्ही आणतो.