दिवसा सायकलला लाईट लावायची तर कोणती? ल्युमेन बघून घ्यायची की अजून काही बघायचं?

पायडलपंत

नमस्कार मंडळी. रोज ऑफिसला सायकलने जातो, उजेडात निघतो आणि उजेडातच परत येतो, त्यामुळे लाईटच्या वाटेला कधी गेलोच नाही, मागे एक लाल रिफ्लेक्टर आहे तेवढाच. पण हल्ली भर दुपारी पण मागची लाईट चमकवत जाणारे सायकलवाले दिसतात आणि खरं सांगतो, माणूस दिसायच्या आधी ती लाईट दिसते, म्हणून म्हटलं आपण पण घ्यावी. ऑनलाईन बघायला गेलो तर डोकं गरगरलं. कुणी ५० ल्युमेन लिहितंय, कुणी ३००, एका अंगठ्याएवढ्या डबीवर तर चक्क २००० लिहिलंय. दिवसासाठी नक्की किती लागतात? ब्लिंक ठेवायची की स्थिर? फक्त मागे पुरे की पुढे पण हवी? घरच्यांचं म्हणणं, लाईट बिईट सोड आणि तो भडक पिवळा जॅकेट घाल. वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज, जाहिराती वाचून झाल्यात सगळ्या.

चेनला_तेल

पंत, आधी ते ल्युमेन डोक्यातून काढा. ल्युमेन म्हणजे लाईट सगळ्या बाजूंना मिळून एकूण किती उजेड फेकते तो हिशोब. लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला त्यातला त्याच्या दिशेने किती आला एवढ्याशीच मतलब, आणि ते मोजतात कँडेलामध्ये, जे बॉक्सवर फारसं कुणी छापत नाही. म्हणून चांगली लेन्स असलेली ६०-७० ल्युमेनची लाईट दोनशे मीटरवरून डोळ्यात भरते आणि नुसते एलईडी चिकटवून वर लाल प्लास्टिक बसवलेली १५० वाली त्याच अंतरावर शोधावी लागते.

दिवसा हा फरक फारच जाणवतो कारण तुमची लाईट उन्हाशी भांडत असते. थेट उन्हात लाखभर लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) असतात, ढगाळ दिवशी पण काही हजार तरी असतातच. रात्री ५-१० ल्युमेनची मागची लाईट मस्त चालते, तीच दुपारी चालू आहे का बंद हे वाकून बघावं लागतं.

त्यामुळे घेताना 'डे फ्लॅश' किंवा 'डेटाईम' असा वेगळा मोड दिलाय का बघा. अंदाज यावा म्हणून सांगतो, बॉनट्रॅगरची फ्लेअर आरटी दिवसाच्या मोडवर ९० ल्युमेन देते, गार्मिनची रडारवाली व्हॅरिया ६५, आणि दोन्ही भर उन्हात लांबून दिसतात. म्हणजे मागे ६० च्या पुढे आणि फोकस नीट असला की झालं. पुढे पांढरी, तिथे १०० च्या वर धरा.

आणि त्या २००० वाल्या डबीचं गणित करून बघा. एलईडीला एका वॉटमागे ढोबळ १०० ल्युमेन धरले तर २० वॉट लागणार. डबीत मावणारा सेल ५०० एमएएचचा, म्हणजे जेमतेम पावणेदोन वॉटअवर. पाच-सहा मिनिटांत खलास, आणि तेवढ्यात डबी हातात धरवणार नाही इतकी तापेल. आकडा छापायला काय लागतं.

सावकाश_चालवा

मी जरा उलटं बोलतो, चिडू नका. दिवसाढवळ्या अख्खा माणूस दिसत नसेल तर दोष बघणाऱ्याचा आहे, लाईट लावून ती जबाबदारी आपण आपल्या अंगावर ओढून घेतोय. उद्या सगळे लावायला लागले की बिनलाईटचा सायकलवाला कुणाच्या खिजगणतीतच राहणार नाही, आणि काही झालं की पहिला प्रश्न येणार, लाईट का नव्हती? मोटारींचं तेच झालं, युरोपात २०११ पासून नवीन मॉडेलना दिवसाची लाईट कंपल्सरी झाली, आता तेवढ्या चकचकाटात सायकलची टिकली कोण बघतो.

आणि जो फोनमध्ये मान घालून चालवतोय त्याला तुम्ही दीपमाळ लावून गेलात तरी दिसणार नाही.

आकडेमोड

@सावकाश_चालवा तत्त्व म्हणून पटतं हो, पण पंतांना उद्या सकाळी ऑफिसला जायचंय.

यावर एक नीट प्रयोग झालेला आहे. डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात २००४-०५ साली. सुमारे ३८०० सायकलवाले घेतले, त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या सायकलला स्पोकवरच्या मॅग्नेटवर चालणाऱ्या लाईट बसवल्या ज्या दिवसरात्र आपोआप चालू राहतात, बाकीचे नेहमीसारखे. वर्षभराने लाईटवाल्यांचे इजा झालेले अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. मेख एवढीच की अपघात लोकांनी स्वतःच कळवायचे होते आणि आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे आकडा थोडा सैल धरा. पण दिशा बघा ना. आणि त्या लाईट आजच्या मानाने अगदीच मिणमिणत्या होत्या.

पंत, घरच्यांना पण हसू नका. डेन्मार्कमध्येच नंतर भडक पिवळ्या जॅकेटवर असाच मोठा प्रयोग झाला, त्यात दुसऱ्या वाहनाशी किंवा माणसाशी झालेले इजेचे अपघात ४७ टक्क्यांनी कमी निघाले, आणि लोक कळवताना जो झुकाव येतो तो वजा केला तरी ३८. लाईटचा १९ सगळ्या इजेच्या अपघातांचा आणि हा फक्त धडकेचा, त्यामुळे थेट तुलना करू नका, पण जॅकेट पण कामाचंच आहे. फक्त पिवळा रंग हिरव्या झाडीसमोर किंवा पिवळ्या भिंतीसमोर विरघळतो, तिथे लाल लाईट कामाला येते. दोन्ही करा, भांडण मिटवा.

फोनवाल्या ड्रायव्हरचं पण सांगतो. तो सतत फोनमध्ये नसतो, मधूनमधून मान वर करतो. गाडी ६० ने येतेय आणि तुम्ही २० ने जाताय, म्हणजे तो सेकंदाला ११ मीटरने जवळ येतोय. तुम्ही ५० मीटरवर लक्षात आलात तर त्याच्याकडे साडेचार सेकंद आहेत, २०० मीटरवर आलात तर अठरा. अठरा सेकंदात एकदा तरी वर बघेलच की.

पायडलपंत

वा, हे कामाचं आहे, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे घ्यायची हे नक्की. आता अडचण अशी की सीटखाली छोटी बॅग आहे आणि मागे कॅरिअरवर डबा-लॅपटॉपची मोठी बॅग असते, सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) लाईट लावली तर ती झाकलीच जाणार. चेनच्या वर मागच्या चाकाकडे जाणारे जे दोन दांडे असतात तिथे लावली तर चालेल का? आणि ब्लिंकचं कुणीच सांगितलं नाही.

स्पोकताई

मागच्या दांड्यावर म्हणजे सीटस्टेवर लावू शकता, पण तिथेच बहुतेकांचा घोळ होतो. सीटस्टे खालून वर जाताना पुढे झुकलेला असतो, त्यामुळे त्यावर सपाट बांधलेली लाईट आभाळाकडे बघते, शिवाय दांडा थोडा तिरपा असल्याने बाजूलाही वळते. सीटपोस्टचं बरोब्बर उलटं. तो साधारण ७३ अंशात मागे कललेला असतो, म्हणजे त्याला चिकटवून लावलेली लाईट १७ अंश खाली बघते. ८० सेंटीमीटर उंचीवर लाईट असेल तर तिच्या फोकसचा मधला भाग तुमच्या मागे अडीच मीटरवर रस्त्यावर पडला! चांगल्या कंपन्या ब्रॅकेटमध्येच हा कोन भरून काढतात, पण रबरबँडने गुंडाळायच्या बऱ्याच लाईटमध्ये तसं काही नसतं. आणि मग लोक म्हणतात लाईट भंगार आहे. दिवसाच्या लाईटचा फोकस अरुंद असतो म्हणून तर ती लांब पोचते, तेव्हा पाच-सात अंश इकडे तिकडे झालं तरी सगळं मुसळ केरात.

तपासायला काही लागत नाही. दुपारी सायकल कुणालातरी धरायला सांगा, म्हणजे वजनासकट बॅग लावून, आणि चालत शंभर-दोनशे मीटर मागे जाऊन बघा. गाडीत बसल्यावर डोळे जिथे येतात तेवढ्या उंचीवरून बघा. फोनवर व्हिडिओ काढून ठरवू नका, कॅमेरा एक्स्पोजर स्वतःच बदलतो आणि ब्लिंक पण धड पकडत नाही.

पंत तुमच्या केसमध्ये सरळ कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर लावा, बॅगच्या मागे, काही झाकणार नाही आणि पट्टी उभी असल्यामुळे कोन पण आपोआप बरोबर येतो. हेल्मेटवरच्या लाईटच्या भरवशावर मात्र राहू नका, मान वळली की लाईट भलतीकडे.

आता ब्लिंक. दिवसा ब्लिंकच, माझं तरी ठाम मत आहे. डोळ्याच्या कडेला बदल चटकन जाणवतो, एकसारखा ठिपका नाही जाणवत. आणि बॅटरी पण वाचते कारण लाईट बहुतेक वेळ बंदच असते. पण पॅटर्न बघून घ्या. मशीनगनसारखं फडफडणारं नको, त्याने समोरच्याचं डोकं उठतं आणि काही लोकांना फिट येण्याचा पण धोका असतो. ब्रिटनच्या नियमात फ्लॅश सेकंदाला एक ते चार असा आहे, तो अंदाज चांगला आहे. मी पाहिलेल्यात सगळ्यात बरा पॅटर्न म्हणजे एकसारख्या तालात नसलेला, दोन छोटे आणि एक जोरदार असा काहीतरी. जर्मनीत तर सायकलला चमकणारी लाईट चालतच नाही, स्थिरच हवी, आणि त्यालाही कारण आहे. ब्लिंकवरून काहीतरी आहे हे कळतं पण ते किती लांब आहे हे पटकन कळत नाही, अंधारात तर अजिबातच नाही. म्हणून संध्याकाळ झाली की तो डे फ्लॅश बंद करा आणि स्थिर किंवा मंद पल्सवर या, नाहीतर मागच्याच्या डोळ्यांपुढे काजवे.

सावकाश_चालवा

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात छापा कुणीतरी. ग्रुपमध्ये चालवताना पुढच्याची ९० ल्युमेनची लाईट माझ्या तोंडापासून दोन मीटरवर फाटफाट करत असते, तासाभराने रस्ताच दिसेनासा होतो. ग्रुपमध्ये फक्त शेवटच्याची जोरात, बाकीच्यांनी बंद नाहीतर मंद. पुढची पांढरी पण जरा खाली, समोरून येणारा पण माणूसच आहे.

आणि लाईट घेतली म्हणून कडेला चिकटून चालवू नका हो. उभ्या गाडीच्या आडून बाहेर आलात तर हजार ल्युमेन असले तरी गाडीच्या पत्र्यातून दिसणार आहेत का? जरा रस्त्यात येऊन चालवा, जिथे ड्रायव्हरची नजर आधीच असते. लाईटला माझा विरोध आहे असं नाही, माझ्या सायकलला पण आहे, डायनॅमोवाली.

चेनला_तेल

हाहा, म्हणजे एवढं भाषण करून स्वतः चोवीस तास लाईट लावून फिरताय! हब डायनॅमो (चाकाच्या मधोमध बसवलेला, चाक फिरलं की वीज तयार करणारा) असेल तर तेच बेस्ट खरं तर, ६ व्होल्ट ३ वॉट, चार्जिंगची कटकट नाही, सिग्नलला थांबलं तरी कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर मागची थोडा वेळ चालू राहते. फक्त चाक नवीन बांधावं लागतं, पंतांसाठी जरा जास्तच होईल.

पुढची लाईट लागते का हे राहिलंच. माझ्या मते लागते, आणि मुख्य म्हणजे चौकासाठी. आडव्या रस्त्यावरून येणारा किंवा समोरून तुमच्या पुढ्यात वळणारा मागची लाईट बघतच नाही. म्हणून घेताना बाजूला पण थोडा उजेड फेकणारी खिडकी आहे का ते बघा.

अजून एक, ऊन नेमकं कुठून येतंय ते बघत चला. सकाळ-संध्याकाळ तुमची लांब सावली मागे पडत असेल तर मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर सूर्य आहे, त्याला तुम्ही फक्त काळी आकृती आहात आणि मागची लाईट पण त्या झगझगाटात बुडते. सावली पुढे पडत असेल तर तेच समोरून येणाऱ्याचं. अशा वेळी लाईट आहे म्हणून भरवशावर राहण्यापेक्षा वेगळा रस्ता किंवा वेगळी वेळ परवडली. याउलट झाडांची दाट सावली, बोगदा, पुलाखालचा भाग, पाऊस, इथे लाईट पैसे वसूल करते, कारण उन्हातून सावलीत शिरणाऱ्या ड्रायव्हरला क्षणभर धड काही दिसत नसतं.

पायडलपंत

बऱ्यापैकी ठरलं. मागे कॅरिअरवर डे फ्लॅशवाली, पुढे शंभरच्या वरची, आणि घरच्यांच्या समाधानासाठी जॅकेट. आता शेवटचं विचारतो. जायला यायला मिळून दीड तास होतो, तर किती तासांची बॅटरी बघू? आणि कॅरिअरला लावायचा ब्रॅकेट लाईटसोबतच येतो का?

स्पोकताई

ब्रॅकेट बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. कॅरिअरच्या मागच्या पट्टीला दोन भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर मोजा, ५० नाहीतर ८० मिलिमीटर असेल, त्या मापाचा घ्या. तुमच्या लाईटच्या कंपनीचाच घ्या, दुसरा बसेलच असं नाही.

बॅटरीचं म्हणाल तर डे फ्लॅशवर दहा-बारा तास लिहिलेली बघा म्हणजे आठवड्यातून एकदा चार्ज करून भागेल. फक्त ते तास पूर्ण उजेडाचे असतातच असं नाही. एएनएसआय या अमेरिकन संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे मोजलं तर उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ रनटाईम म्हणून लिहितात, म्हणजे शेवटचे काही तास लाईट नुसती नावाला. त्यामुळे इंडिकेटर लाल व्हायची वाट बघत बसू नका. पावसात चालवत असाल तर पाणी किती झेपतं त्याचं आयपीएक्स रेटिंग बघा, आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतात, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण त्या चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसलं नसेल तर दोन्हीचा उपयोग नाही, ते दर वेळी दाबून बघा.