वडिलांच्या नावावरील सदनिका विकण्यापूर्वी बक्षीसपत्र करावे का?

कोथरूडकर:
वडिलांनी १९८८ मध्ये घेतलेली सदनिका आता सुमारे १ कोटी ४० लाखांना विकण्याचा विचार आहे. नोंदणीकृत मूल्यांकनकाराने तिचे १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य ८ लाख काढून दिले आहे. वडील ७८ वर्षांचे असून त्यांना नवे घर घ्यायचे नाही. मी पुण्यातच राहतो. धाकटी बहीण न्यू जर्सीत असून अमेरिकेची नागरिक आहे. पैसे शेवटी आम्हा दोघांनाच मिळणार असतील, तर सदनिका आधीच आमच्या नावे करून कर वाचेल का? वारसाहक्काने आलेल्या घरावर करच नसतो, असेही एका परिचिताने सांगितले.

जुना हिशेबनीस:
आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. वारसाने किंवा बक्षीस म्हणून घर मिळताना कर लागत नाही; परंतु ते विकताना वडिलांचीच किंमत आणि वडिलांचाच धारणकाळ धरला जातो, त्यामुळे मालक बदलल्याने नफा पुसला जात नाही. कर वाचतो तो नफा विभागला गेल्यामुळे.

आपल्या आकड्यांत महागाई निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून घेण्याचा मोह सोडावा. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरून २० टक्के दराने कर सुमारे २२ लाख येतो, तर निर्देशांकाविना, २००१ चे मूल्यच खरेदी किंमत धरून, १ कोटी ३२ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी साडेसोळा लाखच. वडिलांनी एकट्याने विकून सहा महिन्यांत कलम ५४ईसीच्या (नफ्यावरील करातून सूट देणाऱ्या) रोख्यांत कमाल ५० लाख गुंतवले, तरी ८२ लाखांवर अधिभार व उपकरासह पावणेबारा लाखांच्या आसपास कर बसेल. अर्धा हिस्सा आधी आपल्या नावे झाला, तर ५० लाखांची मर्यादा दोघांना स्वतंत्रपणे मिळेल, प्रत्येकी १६ लाखच करपात्र उरतील आणि दोघांचेही एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत राहिल्यास अधिभारही टळेल. मिळून सव्वाचार लाखांच्या आत काम भागेल. रोखे पाच वर्षे अडकतात आणि त्यांचे व्याज करपात्र असते, हे मात्र वडिलांच्या वयाकडे पाहून तोलावे. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएंशी बोलताना गोंधळ नको.)

महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला निवासी मालमत्ता बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. इतर आकार दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावेत.

एडिसनवासी:
बहिणीच्या नावे हिस्सा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बक्षीस मिळालेल्या घराला अमेरिकेच्या करासाठीही वडिलांचीच मूळ किंमत लागते, आणि तीही १९८८ ची; वारसाने मिळाले असते, तर मृत्यूच्या दिवसाचे बाजारमूल्य धरले गेले असते. शिवाय ती अनिवासी असल्याने खरेदीदाराला तिच्या हिश्श्यावर वेगळ्या नियमाने करकपात करावी लागते, आणि एवढ्यावरूनच काही खरेदीदार मागे फिरतात. त्यापेक्षा विक्रीनंतर वडिलांनी तिला बँकेमार्फत रोख भेट पाठवावी; त्यासाठी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. एका वर्षात एक लाख डॉलरपेक्षा अधिक भेट मिळाल्यास तिला अमेरिकी करखात्याला त्याची माहिती देणारा फॉर्म ३५२० भरावा लागेल, पण त्या भेटीवर कर लागणार नाही.

कोथरूडकर:
आभारी आहे. विसार अजून घेतलेला नाही. काही हिस्सा आईच्या नावे केला, तर तिसरी मर्यादा मिळेल का?

जुना हिशेबनीस:
त्याचा उपयोग नाही. पतीने पत्नीला किंवा सासऱ्याने सुनेला दिलेल्या मालमत्तेवरील नफा देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. विसार घेतला नाही हे उत्तम. सौदा ठरल्यावर केलेले बक्षीसपत्र केवळ कर टाळण्यासाठी केले, असा आक्षेप सहज येतो. आधी नोंदणी करावी, सोसायटीच्या भागपत्रावर नाव चढवून घ्यावे आणि मगच दलालाला बोलवावे. बक्षीसपत्रात वडिलांच्या देखभालीची अट स्पष्ट लिहावी. ती न पाळल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येते. ही अट मुलानेच आपणहून सुचवावी.