मदत हवी आहे : 'हर' कुठे आणि 'हरसेल्फ' कुठे?

इंग्रजी सर्वनामांमध्ये पर्सनल ('शी', 'हर') आणि पझेसिव्ह (मालकी दाखवणारी) शिकवताना फारसं अडत नाही. 'माय'पुढे नाम लागतं, 'माइन' एकटं चालतं, झालं. गाडी अडते ती रिफ्लेक्झिव्हपाशी, म्हणजे 'स्वतःला' सांगणाऱ्या 'सेल्फ'वाल्या रूपांपाशी.

'मायसेल्फ', 'युअरसेल्फ' पाठ झालं की मुलं त्याच चालीवर 'हिमसेल्फ', 'देमसेल्व्ज'ऐवजी 'हिजसेल्फ', 'देअरसेल्व्ज' करतात. ते सरावाने सुटतं. एम्फॅटिक, म्हणजे नुसता जोर देणारं 'सेल्फ', तेही सोपं : शब्द काढून बघा, 'द मॅनेजर हिमसेल्फ केम'मधलं 'हिमसेल्फ' गेलं तरी वाक्य उभं राहतं.

कर्ता आणि कर्म एकच असेल तर 'सेल्फ', हा नियमही पटतो. 'शी हर्ट हर' म्हटलं तर लागलं दुसरीलाच! पण 'ऑफ', 'विथ'सारखा शब्दयोगी (प्रिपोझिशन) आला की घोळ होतो. 'शी इज प्राउड ऑफ हरसेल्फ' बरोबर, मग 'शी टुक अॅन अम्ब्रेला विथ हर'मध्ये नुसतं 'हर' का? व्यक्ती तर तीच आहे.

सध्या असं सांगतो : 'बिहाइंड', 'विथ' जागा किंवा सोबत दाखवत असतील तर साधं रूप, 'प्राउड ऑफ', 'बिलीव्ह इन'सारखी बांधलेली जोडी असेल तर 'सेल्फ'. आठवीच्या मुलांना ही 'बांधलेली जोडी' ओळखायची कशी? एखादी सोपी कसोटी किंवा दहा-बारा वाक्यांचा सराव कुणाकडे आहे का? 'बाय हिमसेल्फ' म्हणजे एकट्याने, ते वेगळं घेतलं तर चालेल ना?